कावळ्यांवर टांगलेला सिनेमा

रेवदंड्याच्या ठमीला नुसतं "कशी आहेस गं?" म्हणून विचारायची सोय नव्हती. पहिल्या वाक्यात ती बरी असायची, दुसऱ्यात तिचा नवरा हिरामण बरा असायचा, आणि तिसऱ्याला ती थेट सिनेमात शिरायची. "मी अकरा वर्सांची होते तवा शिनेमात काम केलंय. ठाव हाय ना?"

ठाऊक सगळ्या कोळीवाड्याला होतं. विश्वास मात्र कुणाचाच नव्हता.

त्यातलं अर्धं खरं होतं, हे म्हातारी माणसं कबूल करायची. बत्तीस वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी कोटाच्या तटाखाली आठ दिवस उतरली होती. दोन घोडे, चिकटवलेल्या मिशांचे सरदार, छत्रीखाली बसून शहाळी पिणारी एक राणी, आणि तिपाईवर एक लाकडी पेटी, जिचा दांडा एक टोपीवाला दळण दळल्यासारखा फिरवायचा. पण त्या पेटीसमोरून ठमी धावली, याला साक्षीदार एकटी भागी. दोघी तेव्हा जिवाभावाच्या मैत्रिणी. आणि भागी, म्हणजे आताची भागुबाई, दोन सुनांची सासू, चारचौघांत सांगायची, "खोटारडी हाय. कसला शिनेमा? आमी दोगी तवा घरात जवळा निवडत होतो."

झालं. त्या एका वाक्यापायी दोघींचं तुटलं ते बत्तीस वर्षं. बोलायच्या त्या फक्त भांडताना. तो सिनेमा मुका होता, रेवदंड्यात तो कधी लागलाच नाही. पुढे बोलपट आले, मग मुक्याला कोण पुसतो?

एकोणीसशे अठ्ठावन्नचा माघ. सकाळची वेळ. ठमीच्या वाळवणावर दोऱ्यादोऱ्यांनी बोंबील लोंबत होते, वाऱ्यावर हलत होते, आणि ती कावळ्यांना शिव्या घालत फिरत होती. एवढ्यात रस्त्याकडून एक चष्मेवाला माणूस हातातली पिशवी टाकून किंचाळत धावत आला.

"हात लावू नका! कुणी हात लावू नका! अगं आई गं!"

ठमीला वाटलं, चोर. पण चोर बोंबलांना शिवला नाही. बोंबलांच्या वर, कावळे बुजावेत म्हणून तिने काळ्या चकचकीत फिती बांधल्या होत्या, त्यातली एक त्याने दोन बोटांत धरली, खिशातून भिंग काढलं, फीत सूर्याकडे केली आणि तो रडायलाच लागला. मधेच हसला. मग पुन्हा रडला. ठमीने कावळ्यांची काठी उगारली होती ती तशीच राहिली.

"कोन रं तू? उतरलास कुठून?"

"मी चांगदेव म्हात्रे. उरणचा. मिठागरवाल्यांचा." त्याने नाक पुसलं. "ताई, ह्या फिती तुम्हाला कुठून मिळाल्या?"

"वाडीवाल्या रंगूनं दिल्या. काकड्यांचे वेल बांधत होती ती त्यांनी. कावळं लय भितात बघ, उन्हात चमकतात ना."

"ताई, हा सिनेमा आहे."

"काय हाय?"

"सिनेमा! बघा ना, हा तुमचा कोट. हा बुरूज. हा घोडा, हा..." त्याने भिंग तिच्या डोळ्याला लावलं. फितीवरचं बहुतेक सगळं ऊनपावसाने धुऊन गेलं होतं, पण जिथे गाठ मारली होती तिथे आतमध्ये चार चौकोन शाबूत होते. त्यात नखाएवढा बुरूज होता, आणि बुरुजाखाली मुंगीएवढा घोडा.

ठमी मटकन वाळूत बसली.

"म्हंजे तोच? घोडेवाला? छत्रीतल्या राणीचा?"

"तुम्हाला ठाऊक आहे?" चांगदेव ओरडला.

"ठाऊक? अरं बाबा, मी त्यात हाय!" आणि मग तिच्या ध्यानात आलं, तशी ती खदखदून हसायला लागली. "दोन वर्सं मी सोतालाच कावळ्यांवर टांगून ठेवलंय!"

दुपारपर्यंत चांगदेव ठमीच्या ओटीवर बसून भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खात होता आणि ती त्याची सगळी जन्मकुंडली विचारून मोकळी झाली होती. तो मुंबईत फिल्म धुण्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे एक दिवस त्याने पाहिलं की जुने मूकपट पोत्यांनी येतात, रसायनात बुडवले जातात, वरचं चित्र खरवडून निघतं आणि उरलेल्या पारदर्शक फितींच्या बांगड्या होतात. "राजे, राण्या, लढाया, सगळ्या बांगड्या, ताई! बायका हातात घालून फिरतात आणि त्यांना पत्ता नाही." त्या दिवशी त्याने सदऱ्याआड एक रीळ लपवून घरी नेलं. मग दुसरं. आता त्याच्या खाटेखाली, खाटेवर आणि माळ्यावर डबेच डबे होते. बायको माहेरी जाऊन बसली होती. रजा मिळाली की तो पायाला भिंगरी बांधल्यासारखा गावोगाव फिरायचा आणि जुने सिनेमे शोधायचा. लोक त्याला येडा म्हणायचे.

"जपून करनार काय त्यांचं?" हिरामणने विचारलं. तो तसा कमी बोलणारा.

चांगदेवने घास खाली ठेवला. "तुमच्या आजोबांचा चेहरा आठवतो?"

"न्हाय. मी जन्मायच्या आदी गेला."

"चालताना कसा होता, हसताना कसा होता, कुणाला ठाऊक? पण तो जर त्या पेटीसमोरून गेला असता ना, तर आजही चालताना दिसला असता."

हिरामणने चांगदेवला आणखी एक भाकरी वाढली.

फितींचा माग काढायला ठमीला संध्याकाळ लागली नाही. रंगूच्या सासऱ्याच्या वाडीत, बोलपट आले त्या साली, तंबूत सिनेमे दाखवणारा एक फिरता तंबूवाला ह्या सिनेमाचे नऊ डबे ठेवून गेला तो परत आलाच नाही. पत्र्याचे गोल डबे, झाकण घट्ट, मुंगी शिरत नाही. सासऱ्याने ते शेजारीपाजारी वाटून टाकले. कुणी आतली फीत खाडीत फेकली, कुणी ठेवली, कुणी फितीवरच तंबाखू रचली.

दुसऱ्या दिवशी ठमीने पाटी डोक्यावर घेतली आणि रोज "बोंबी...ल, सुकट" ओरडते त्याच सुरात ओरडत सुटली, "शिनेमाचा डबा द्या, जवळ्याचा वाटा घ्या!" मागून चांगदेव, हातात भिंग. पोरं, कुत्री आणि रिकामटेकडे त्यांच्या मागून. सखुबाईने डबा दिला पण आत मीठ निघालं. नामा तांडेलाच्या डब्यात गळ होते. तिसरीकडे नुसतं झाकणच होतं, त्यावर पोर जेवत होतं. फीत असलेले डबे काही कुणी बाहेर काढेना. ठमी इतकी मागे लागतेय म्हणजे त्यात सोनं असणार, अशी बोलवा उठली होती.

मग चांगदेवने पुळणीवर सगळ्यांना बोलावलं. ठमीच्या धुऊन गेलेल्या फितीचा बोटभर तुकडा वाळूवर ठेवला, लांबून काडी लावली आणि म्हणाला, "बघा."

फस्सकन असा भडका उडाला की पुढची रांग मागच्या रांगेवर पडली. चांगदेवने त्यावर वाळू लोटली, तरी तो जळतच राहिला. वाळूखालूनसुद्धा धूर यायचा थांबेना.

"हा बोटभर तुकडा," तो म्हणाला. "एका डब्यात हजार फूट फीत असते."

गर्दीतून एक किंकाळी आली, "अगं बाय! माजा चुलीजवळ हाय!" आणि सगळी पुळण रिकामी झाली. बायका नऊवारीचे ओचे हातात धरून पळत होत्या, पुरुष त्यांच्या पुढे पळत होते. शेजारच्या केसरच्या नवऱ्याने डबा आणला तो हाताच्या अंतरावर धरून, जसा काही त्यात नाग होता. ठमी ओल्या गोणपाटावर एकेक डबा मांडत होती आणि हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं. तासाभरात फितींसकट चार डबे गोळा झाले.

पाचवा भागुबाईकडे होता. सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या फडताळात, तांदळाच्या मडक्यामागे.

"देनार न्हाय," भागुबाई दारातूनच म्हणाली. "मी चूल अंगनात मांडते. जळलं तर माजं घर जळंल, तुजं काय जातं?"

"भागे, त्यात आपून..."

"आपून कोन? मी घरात जवळा निवडत होते."

ठमीने हात जोडले, शिव्या दिल्या, जवळ्याची अख्खी पाटी देऊ केली. दार लागलं ते उघडलंच नाही.

चांगदेवची रजा संपली. चार डबे ओल्या गोणपाटात गुंडाळून तो तिसऱ्या दिवशी एसटीत बसला. कंडक्टरला त्याने सांगितलं की लोणचं आहे. ठमी खिडकीशी उभी राहून त्याला पुन्हापुन्हा बजावत होती की सिनेमा इथंच आणून दाखव, आत्ताच दाखव म्हटलं तर तू ऐकलं नाहीस.

"ताई, आत्ता मशीनमध्ये घातला तर एकदाच दिसेल आणि फाटेल. काही रिळं आतून चिकटलीत, ती सोडवायलाच महिने लागतील. न जळणाऱ्या फिल्मवर नक्कल काढतो, मग हवं तितक्यांदा बघा. तोवर जरा धीर..."

घंटी वाजली. गाडी हलली. आणि गाडीमागून, डोक्यावरचा पदर उडालेला, भागुबाई धावत आली. दोन सुनांची सासू, अंगाने चांगली भरलेली, पण धावली अशी की पोरींनी तोंडात बोटं घातली. तिने खिडकीतून डबा चांगदेवच्या मांडीत टाकला.

"घे," ती धापा टाकत म्हणाली. मग ठमीकडे वळली. "आन मना काय इचारू नको."

ठमीने जन्मात पहिल्यांदा काही विचारलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. चांगदेवचं एक कार्ड आलं, "काम चालू आहे," बस. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, माणसं घरात बसली आणि करमणुकीला ठमीच उरली. "काय ठमे, शिनेमा पोचला का अमेरिकेला?" "त्या चष्मेवाल्यानं बांगड्या केल्या असतील तुज्या!" ठमी उत्तरं द्यायची, पण रात्री हिरामणला म्हणायची, "आवो, मी खरंच धावले होते ना? का मना सपन पडलं होतं?"

"धावली असशील," हिरामण म्हणायचा. "अजून धावतेच हायस."

नवल एवढंच की थट्टा करणाऱ्यांत भागुबाई नव्हती. कुणी सिनेमाचा विषय काढला की ती उठून जायची.

दिवाळी झाली, मुंबईहून रेवसला येणारी लाँच पावसाळ्यानंतर सुरू होऊन महिना लोटला, आणि एका दुपारी बैलगाडीतून चांगदेव आला. गाडीत एक मशीन, एक इंजिन, पाच नवे कोरे डबे आणि अलिबागच्या तंबू टॉकीजचा मशीनवाला दादू. चांगदेव आणखी वाळला होता, चष्म्याची एक काच तडकली होती, आणि गाडी थांबायच्या आत त्याने उडी मारली.

"ठमीताई! दिसलात!"

"मी? दिसले?"

"कोणीतरी दिसलंय! तुम्हीच सांगायचं कोण ते!"

रात्रीपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. ठमी तर नव्हतीच. दिवसाउजेडी अंधार कुठे मिळेल? बर्फाच्या वखारीत. तिथे खिडक्या नव्हत्या. हिरामणने आपल्या होडीचं नवं शीड भिंतीवर ताणून बांधलं. सगळा कोळीवाडा लाकडाच्या भुशावर दाटीवाटीने बसला, मागे बर्फाच्या लाद्या, पुढे शीड, माणसं थंडीने कुडकुडत होती आणि आधीच हसत होती. बाहेर इंजिन धडधडायला लागलं. भागुबाई अगदी मागे, दारापाशी, तोंडावर पदर ओढून बसली होती. शेजारी तिचा नवरा तुकाराम.

सिनेमाला नाव नव्हतं. नाव असलेलं पहिलं रीळ खाडीत गेलं होतं. एकदम मधूनच सुरुवात झाली. शिडावर कोट उभा राहिला, बत्तीस वर्षांपूर्वीचा, तटावरच्या झाडासकट, आणि वखारीत "हाऽऽ" असा आवाज झाला. सरदार आले. राणी आली, तिने डोळे फिरवले, छातीवर हात ठेवला. "हिला काय चावलं?" कुणीतरी म्हणालं. मधलं एक रीळ गायब असल्यामुळे राणी नदीकाठी बेशुद्ध पडली ती उठली थेट तुरुंगात. कुणाला काहीच कळत नव्हतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. एक म्हातारा उठून ओरडला, "ती बघा माज्या बापाची होडी! तीच! डोलकाठी वाकडी बघा!" आणि त्याला खाली बसवेपर्यंत होडी निघून गेली.

पाचवं रीळ लागलं. भागुबाईच्या डब्यातलं.

पुळण. भरतीच्या लाटा. चिकटवलेल्या मिशांचा सरदार वाळूत पडून मरत होता, एक हात आभाळाकडे. आणि मागून, डाव्या कोपऱ्यातून, दोन पोरी हातात हात घालून धावत आल्या. चित्राच्या कडेने कुणाचा तरी हात त्यांना हाकलताना दिसला. एक पोर मरणाऱ्या सरदाराच्या पायात अडखळून पालथी पडली, उठली, परकर झाडला. मेलेल्या सरदाराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दुसरी पोर तिथेच थांबली, सरळ सगळ्या वखारीकडे बघत हसली, वीतभर जीभ बाहेर काढली, मग पहिलीला ओढत घेऊन पळाली.

संपलं. दहा-बारा सेकंद.

"पडली ती मी!" ठमी भुशातून उठली तेव्हा तिच्या केसांत भुसा होता. "मी पडले! सांगत न्हवते? हा बघा, हा गुडगा, अजून वण हाय!" तिने खरोखर लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. वखारीत शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. ज्यांनी बत्तीस वर्षं तिची टिंगल केली तेच आता एकमेकांना सांगत होते की आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"आन ती दुसरी?" रंगूने विचारलं. "जीभवाली कोन?"

ठमीचं तोंड उघडलं. मग तिने दाराकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं. मना काय इचारू नको, असं भागी म्हणाली होती. "काय म्हाईत," ती म्हणाली. "असंल कोनतरी चौलची."

"चौलची?" मागून आवाज आला. भागुबाई उभी होती. पदर खांद्यावर. "चौलची कशी असंल? मी हाय ती! दिसत न्हाय व्हय? माजी जीभ ती!"

वखारीतली सगळी डोकी दाराकडे वळली.

"माजं लगीन ठरलं होतं तवा," भागुबाई म्हणाली. "बापानं सांगितलं, शिनेमावाल्यांकडं गेलीस असं कळलं तर तंगड्या तोडीन, आन सासरची माणसं लगीन मोडतील. म्हनून म्हनले घरात होते. एकदा म्हनले ते म्हनतच राह्यले." तिने तुकारामकडे पाहिलं. "मोडायचं तर मोडा आता."

तुकारामने शिडाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "आता काय मोडतंय," तो म्हणाला. "पन चांगदेवभाऊ, ते जिभेचं परत दाखवा."

दादूने रीळ मागे घेतलं. मग पुन्हा घेतलं. पोरी धावल्या, पडल्या, जीभ निघाली. अकरा वेळा. पाचव्या वेळेपासून जीभ निघाली की सगळी वखार जीभ काढायची, भागुबाईच्या सुनासुद्धा. ठमी आणि भागुबाई एका बर्फाच्या लादीला टेकून एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, बोलायचं म्हटलं तरी शब्द फुटत नव्हता, आणि लाकडाचा भुसा दोघींच्या डोळ्यांत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेव ठमीच्या ओटीवर वही उघडून बसला. प्रत्येक सिनेमाचं एक पान असायचं त्याच्या वहीत. चित्रपटाचं नाव: ठाऊक नाही. दिग्दर्शक: ठाऊक नाही. राणीचं काम करणारी: ठाऊक नाही. सरदार: ठाऊक नाही.

"कलाकार," तो मोठ्याने म्हणाला आणि टाक दौतीत बुडवला. "ठमी हिरामण..."

"थांब, थांब," भागुबाई म्हणाली. ती सकाळपासून तिथेच होती. "तिचं आदी कशाला? ती तर पडली. मी शेवटपर्यंत हुबी होते."

"आदी मी आले!"

"हात धरून आलो. एकदमच आलो."

चांगदेवने दोघींकडे पाहिलं आणि टाक हवेत धरून ठेवला. शेवटी त्याने दोन नावं एकाच ओळीत लिहिली आणि वही फिरवून दाखवली. दोघींनाही वाचता येत नव्हतं, त्यामुळे दोघींनी आपलंच नाव आधी आहे असं समजून समाधानाने माना डोलावल्या.

"त्या तंबूवाल्याचे आणखीही डबे कुठंतरी असतील," चांगदेव वही मिटत म्हणाला. "त्याची एक बहीण मुरुडला दिलेली होती म्हणे."

"मुरुडला माजी नणंद हाय," भागुबाई म्हणाली.

"मुरुडला जायला साळावची होडी कवा सुटते?" ठमीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती पाटीत जवळा भरायला लागली.